समुद्री शेवाळाने कॅन्सर बरा होतो का?

'समुद्री शेवाळाने कॅन्सर पळाला' हा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेलच. त्यात बहुतेक वेळा नाव असतं फ्युकॉइडनचं. तपकिरी समुद्री शेवाळाला जो बुळबुळीतपणा असतो ना, त्यातलाच हा पदार्थ. तो १९१३ पासून माहीत आहे. लॅबमध्ये काचेच्या बशीतल्या कॅन्सर पेशींवर टाकला, की पेशी मरतात. हे खरंय. पण बशीत ब्लीच टाकलं तरी मरतातच की! गिळल्यावर मात्र हा अवाढव्य रेणू रक्तात फारच थोडा उतरतो. शिवाय शेवाळाची जात किंवा ऋतू बदलला, की रेणूही बदलतो.

मग सगळंच थोतांड? नाही हं. हिंदी महासागरातल्या 'समुद्री सशात' (नाव ससा, पण कूळ गोगलगायीचं) डोलास्टॅटिन १० सापडलं. पुढे कळलं, ते बनवतात त्याच्या खाण्यातले निळे-हिरवे सूक्ष्मजीव, ज्यांना आपण नील-हरित शेवाळ म्हणतो. विष इतकं जहाल, की माणसाला झेपेल तेवढ्या डोसमध्ये फारसा उपयोगच होईना. मग तसाच रेणू लॅबमध्ये घडवून अँटीबॉडीला जोडला. अँटीबॉडी कॅन्सर पेशी हुडकते, विष आत जाऊन सुटतं. हेच ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन, २०११ मध्ये अमेरिकेत हॉजकिन लिम्फोमासाठी मंजूर झालेलं.

आणि हो, फ्युकॉइडनने रक्त पातळ होऊ शकतं. घरात कुणाची केमो किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर कॅप्सूल मागवण्याआधी लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा.