अ‍ॅन बोलीनच्या दरबारातलं बाड

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कवितांचं एक हस्तलिखित बाड आहे. ‘डेव्हनशायर हस्तलिखित’ या नावानं ते ओळखलं जातं. १५३०च्या दशकात अ‍ॅन बोलीन राणीच्या भोवतालच्या तरुण मंडळींत ते हातोहात फिरत होतं. मेरी शेल्टन, मेरी हॉवर्ड आणि राजा आठव्या हेन्रीची भाची मार्गारेट डग्लस ही त्यातली मुख्य नावं. निम्म्याहून अधिक कविता टॉमस वायटच्या. पण मला हे बाड मोलाचं वाटतं ते वाचणाऱ्यांनी त्यात जे केलं त्यासाठी.

एका कवितेच्या कडव्यांची आद्याक्षरं जुळवली की ‘शेल्टन’ हे आडनाव तयार होतं. तिच्या शेजारी मार्गारेटचा शेरा आहे, ‘हे विसरून जा’. त्याखाली खुद्द मेरी शेल्टननं लिहून ठेवलंय, ‘याला मोल आहे’.

१५३६ साली मार्गारेटनं टॉमस हॉवर्डशी गुपचूप लग्न ठरवलं. राजाला न विचारता राजघराण्यातल्या मुलीशी सोयरीक जोडणं हा राजद्रोह ठरला आणि दोघांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत झाली. बाडात त्यांच्या ताटातुटीच्या कविता आहेत, आणि त्यांच्याच सोबतीला कवी चॉसरच्या ‘ट्रॉइलस अँड क्रिसिड’मधली कडवी. एका ओळीत क्रिसिडचं नाव यायचं, तिथे फक्त मोकळी जागा सोडलीय. दीडशे वर्षांपूर्वीच्या काव्यातल्या नायकाचा आकांत असा आपलासा केला गेला. टॉमस १५३७ मध्ये टॉवरमध्येच वारला.

बाडाच्या शेवटाकडे तर कमालच आहे. १५३२ साली विल्यम थिननं चॉसरच्या नावावर छापलेल्या संग्रहात एक स्त्रीनिंदेची कविता होती. सगळी पृथ्वी कागद झाली, सगळ्या झाडांच्या लेखण्या झाल्या, तरी बायकांचं कपट लिहून संपणार नाही, असा तिचा सूर. शिवमहिम्न म्हणणाऱ्याला ही कल्पना ओळखीची वाटेल. बाडात हे कडवं उतरवताना नेमके दोनच शब्द बदलले: दुष्टपणाच्या जागी निष्ठा, कपटाच्या जागी स्तुती. बाकीची सारी अतिशयोक्ती तशीच ठेवली, आणि निंदकाचीच भाषा बायकांच्या बाजूनं उभी राहिली. त्या कवितेवर याहून नेमकी टीका मला तरी माहीत नाही.

पुढे मार्गारेटचा मुलगा, स्कॉटलंडच्या मेरी राणीचा नवरा झालेला हेन्री स्ट्युअर्ट, यानंही याच बाडात आपली एक कविता सहीनिशी लिहिली.