घानाच्या भूमीवरील पहिले दिवस

शिरूरच्या घोड नदीकाठी किंवा दौंडच्या भीमाकाठी पिढ्यान्‌पिढ्या पेढी सांभाळणाऱ्या घरांतील तरुण आज रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील मालासाठी दूरच्या बाजारपेठा शोधू शकतो. पश्चिम आफ्रिकेचे नाव निघाले की वडील भांडवलाचा आणि उधारीचा विचार करतात, आई मात्र एकच विचारते, "तिथे खाणार काय?" धर्माचरण सांभाळून व्यापार करू इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न नफ्यातोट्याइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रवासाची तयारी घरूनच सुरू होते. घानात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते. ही लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य ठरते. भारतात परततानाही ते दाखवावे लागते. हिवतापाचे भय तेथे बारमाही असल्याने वैद्यांचा सल्ला आणि मच्छरदाणी या दोन्ही गोष्टी विसरून चालत नाही.

राजधानी आक्रा येथे उतरल्यावर प्रथम जाणवतो तो समुद्राकाठचा दमट उष्मा. घड्याळ साडेपाच तास मागे घ्यावे लागते. विषुववृत्त जवळ असल्याने दिवस-रात्रीची लांबी वर्षभर फारशी बदलत नाही. शिरूरला सूर्यास्त ऋतूनुसार सुमारे सहा ते सव्वासात असा सरकतो. आक्रात तो सुमारे पाच चाळीस ते सहा वीसच्या दरम्यानच होतो. चौविहार करणाऱ्याला वेळ पाठ करणे सोपे, परंतु दुकान किंवा कार्यालय सुटेपर्यंत सूर्य मावळलेला असू शकतो. म्हणून दुपारीच सायंकाळच्या भोजनाची व्यवस्था करावी लागते.

आता आईच्या प्रश्नाकडे. तेथील मुख्य अन्न कसावा आणि याम, म्हणजे कंदमूळच. 'फुफू' हा लोकप्रिय पदार्थ कसावा आणि कच्ची केळी कुटून करतात. चवळी आणि भात एकत्र शिजवलेले 'वाचे' दिसायला परिचित वाटते, पण सोबतच्या रश्श्यात किंवा चटणीत सुकी मासळी असू शकते. म्हणून केवळ "मांस नको" म्हणणे पुरेसे नाही. मासळीही नको, हे वेगळे सांगावे लागते. मात्र तांदूळ, मका, चवळी, शेंगदाणे, भेंडी, टोमॅटो आणि केळी बाजारात मिळतात. स्वतः स्वयंपाक येत असेल तर उपाशी राहण्याची वेळ येत नाही. मुलाला परदेशी पाठवण्यापूर्वी वरण-भात आणि पोळी करायला शिकवणे हीच खरी शिदोरी होय.

आक्राच्या माकोला बाजारात गेल्यावर आपला व्यापारी थक्क होतो, कारण तेथील व्यवहार प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती आहे. एकेका मालाच्या विक्रेत्या स्त्रियांची आपली प्रमुख असते आणि तिचा शब्द बाजारात मानला जातो. गिऱ्हाइकाने थेट भाव विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. आधी नमस्कार, मग विचारपूस, नंतर व्यवहार. डाव्या हाताने पैसे देणे अपमानाचे ठरते. घरी आलेल्या पाहुण्याला प्रथम पाणी देऊन मगच येण्याचे कारण विचारण्याची अकान लोकांची रीत आपल्या घरांना अगदी ओळखीची वाटेल.

एक गोष्ट मात्र मनात ठेवावी. आक्राजवळील लेगॉनच्या घाना विद्यापीठात २०१६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते महात्मा गांधींचा पुतळा बसवला गेला. तरुणपणी आफ्रिकी लोकांविषयी त्यांनी केलेल्या लिखाणावर आक्षेप घेऊन अध्यापक-विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये तो हटवण्यात आला. भारतीय म्हणून आपोआप आदर मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. कामगाराशी बोलताना वापरलेला एक हीन शब्दही पेढीची पत घालवू शकतो.

अनेकांत आपल्याला दुसऱ्याची बाजू ऐकण्यास शिकवतो आणि अहिंसा वाणीलाही लागू आहे. ताटातील नियम जपणाऱ्या तरुणाने जिभेचाही नियम तितक्याच दक्षतेने जपला, तर परक्या बाजारात त्याची साख उभी राहण्यास वेळ लागत नाही.