चाळीस वर्षे अडलेला सांधा

बँडसॉ, म्हणजे मराठीत ज्याला पट्टाकरवत म्हणता येईल ते यंत्र, रचनेने इतके साधे आहे की ते सुचायला फार मोठी प्रतिभा लागली असेल असे वाटत नाही. एकावर एक बसवलेली दोन चाके, त्यांवरून फिरणारी, एका कडेला दाते असलेली पोलादाची अखंड पट्टी आणि मध्ये लाकूड टेकवण्यासाठी टेबल, एवढाच हा संसार. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८-०९ च्या सुमारास त्याचे इंग्लिश पेटंट मिळवले, आणि अमेरिकेत मेन राज्यातल्या एल्सवर्थ गावच्या बेंजामिन बार्करला १८३६ मध्ये तेथील पहिले पेटंट मिळाले. तरीही शतकाच्या मध्यापर्यंत हे यंत्र कागदावरून कारखान्यात असे उतरलेच नाही. चाके ओतता येत होती, ती फिरवायला वाफेचे इंजिन होते, लाकडाला तोटा नव्हता. अडत होते ते फक्त पाते: सरळ पट्टीची दोन टोके जोडून वेढा करावा तर सांधा उखडे, आणि सांधा टिकलाच तर त्याच्या शेजारी पट्टी तुटे. म्हणून या यंत्राचा इतिहास हा खरे तर एका सांध्याचा इतिहास आहे, आणि आज पट्टाकरवत निवडताना मोटर किती अश्वशक्तीची आणि टेबल केवढे, याच प्रश्नांपाशी रेंगाळणारे गिऱ्हाईक तो इतिहास विसरलेले असते.

सांधा का तुटे हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. चाकावरून जाताना पट्टी वाकते, चाक सोडताच सरळ होते, आणि वाकताना तिच्या बाहेरच्या अंगावर जो ताण येतो तो पट्टीच्या जाडीच्या सम आणि चाकाच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ०.६ मिलिमीटर जाडीचे पाते ३५० मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे बाजारात ज्याला १४ इंची म्हणतात त्या यंत्राच्या चाकावरून गेले, तर हा ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३५ किलो भरतो. त्याच चाकावर ०.९ मिलिमीटरचे पाते चढवले तर तो ५० किलोच्या वर जातो, आणि पाते घट्ट राहावे म्हणून मुद्दाम दिलेली ओढ त्यात आणखी मिळवावी लागते. २.४ मीटर लांबीचे पाते मिनिटाला ९०० मीटर वेगाने धावले तर त्याचे मिनिटाला ३७५ फेरे होतात, दर फेऱ्यात दोन चाके म्हणजे ७५० वाकणी, तासाला ४५,०००. तार हातात धरून पुढे-मागे वाकवली की ती जशी तुटते, तशीच ही धातूची थकावट आहे. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून अधिक नसावी, हा जुन्या जाणकारांचा ठोकताळा याच कारणाने पडला. १४ इंची यंत्रावर तो काटेकोरपणे पाळला, तर जेमतेम ०.३५ मिलिमीटरचे पाते चालेल. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट-दुप्पट जाडीचे सर्रास चढवले जाते आणि ते वेळेआधी तुटले की दोष पाते करणाऱ्याच्या माथी मारला जातो.

पॅरिसच्या आन पोलीन क्रेपँ या स्त्रीने १८४६ मध्ये नेमक्या याच अडचणीवर, पट्टीची टोके टिकाऊपणे जोडण्याच्या रीतीवर, फ्रेंच पेटंटसाठी अर्ज केला. जुन्या यांत्रिकी ग्रंथांत ती बहुधा ‘मादमॉइझेल क्रेपँ’ एवढ्याच नावाने, एखाद्या ओळीपुरती येते आणि लगेच नाहीशी होते. पण ‘मादमॉइझेल’ म्हणजे ‘कुमारी’ हा शब्दही बोलका आहे. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेनुसार विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून मालमत्तेचे व्यवहार करता येत नसत, अविवाहित सज्ञान स्त्रीला ते करता येत. पेटंट ही तर विकता येणारी मालमत्ताच. तेव्हा क्रेपँला आपला हक्क स्वतःच्या नावावर घेता आणि विकता आला, त्यात ‘मादाम’ आणि ‘मादमॉइझेल’ या उपाधींमधल्या फरकाचा वाटा नाही असे म्हणणे कठीण आहे.

तिच्या अर्जाआधी दोनच वर्षे, जुलै १८४४ मध्ये, फ्रान्समध्ये पेटंटचा नवा कायदा झाला होता. त्याप्रमाणे ५, १० किंवा १५ वर्षांसाठी पेटंट मिळे, वर्षाला १०० फ्रँक कर पडे, आणि मुख्य म्हणजे सरकार शोधाची कसलीही परीक्षा करत नसे. ‘सरकारच्या हमीशिवाय’ अशा अर्थाची चार अक्षरे पेटंटधारकाला आपल्या पेटंटचा उल्लेख करताना छापावी लागत. म्हणजे असे पेटंट हा शोध चालतो याचा पुरावा नव्हे, अमक्या दिवशी अमक्याने दावा केला याची ती पावती. मग क्रेपँची रीत कामाची होती हे कशावरून मानायचे? त्याचे उत्तर पुढच्या व्यवहारात आहे: पेरँ नावाच्या पॅरिसच्या यंत्रनिर्मात्याने तिच्याकडून ही रीत वापरण्याचा हक्क विकत घेतला, त्या रीतीला चांगल्या पोलादाची आणि पोलादाला पाणी देण्याच्या सुधारलेल्या पद्धतीची जोड दिली आणि खरोखर चालणारे पाते बाजारात आणले. सरकारने जी परीक्षा घेतली नाही ती पेरँच्या थैलीने घेतली, आणि धंदेवाल्याची थैली ही बहुतेक सरकारी परीक्षकांपेक्षा कडक असते.

या ठिकाणी दुसऱ्या एका स्त्रीची आठवण होणे अपरिहार्य आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड गावी शेकर पंथाच्या वसाहतीत राहणाऱ्या टॅबिथा बॅबिट हिने १८१३ मध्ये गोल करवतीचा शोध लावला, अशी कथा असंख्य पुस्तकांत सापडते. दोन माणसे लांब करवत ओढताना अर्धी ओढ वाया जाते हे तिने पाहिले आणि सूतकताईच्या चाकावरून तिला दाते असलेली चकती सुचली, असे सांगतात. कथा सुरेख आहे, पण इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर याच्या १७७७ च्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आहे आणि बॅबिटचा जन्म १७७९ चा. शेकर इतिहासाच्या अभ्यासकांनीही या श्रेयाबद्दल शंका घेतली आहे. तिच्या नावावर पेटंट नाही, कारण पंथाला ते मान्य नव्हते असे तिचे कैवारी म्हणतात. तेव्हा एका बाजूला कथा आहे आणि कागद नाही, दुसऱ्या बाजूला कागद आहे आणि कथा नाही. लोकांच्या तोंडी बॅबिट राहिली आणि क्रेपँ राहिली नाही, यावरून इतिहासाला पुराव्यापेक्षा चरख्यासारखे एखादे चित्र अधिक पचते असे दिसते. सांध्याचे चित्र काढणार कसे?

पेरँच्या कारखान्याची पुढची हकिकत लाकूडकामापासून दूर जाते, तरी ती टाळण्यात काही शहाणपण नाही. १८६०च्या दशकात रने पानार हा अभियंता पेरँचा भागीदार झाला, १८७२ मध्ये त्याचा सहाध्यायी एमील लव्हासॉर येऊन मिळाला, आणि १८८६ मध्ये पेरँ वारल्यावर कारखान्याला ‘पानार ए लव्हासॉर’ हे नाव मिळाले. मोटारगाड्यांच्या इतिहासात हे नाव कोणालाही ठाऊक असते. जर्मनीच्या गोटलीब डाइमलरच्या इंजिनाचे फ्रान्समधले हक्क एदुआर साराझँ या वकिलाकडे होते. तो १८८७ च्या अखेरीस वारल्यावर त्याची विधवा लुईझ हिने डाइमलरशी बोलणी करून ते हक्क राखले, १८९० मध्ये लव्हासॉरशी लग्न केले आणि तिच्याबरोबर ते हक्क कारखान्यात आले. पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती, ही मोटारीची कित्येक दशके चाललेली मांडणी याच कारखान्यातून १८९१ मध्ये रूढ झाली. म्हणजे एकाच कारखान्याला दोन वेळा नशीब उघडून देणारा हक्क एका स्त्रीच्या हातून मिळाला. त्यांपैकी लुईझचे नाव मोटारींच्या इतिहासात निदान आदराने घेतले जाते, क्रेपँच्या वाट्याला तेही आले नाही.

आता सांध्याकडे परत यायला हवे. जुनी रीत झाळण्याची, म्हणजे मूळ धातू न वितळवता कमी तापमानाला वितळणाऱ्या दुसऱ्या धातूने जोडण्याची. पट्टीची दोन्ही टोके कानशीने उतरती घासून पाचरीसारखी करतात, ती एकमेकांवर अशी ठेवतात की जोडाची जाडी बाकीच्या पट्टीइतकीच राहावी, मध्ये टाकणखार आणि चांदीमिश्रित डाख ठेवतात, आणि तापवून दाबतात. टाकणखार धातूवरचा मळ विरघळवतो, त्यामुळे डाख दोन्ही अंगांना धरते. सोनार साखळीची कडी जोडताना हेच करतो. एलिहू थॉमसनने १८८६ मध्ये विजेच्या प्रवाहाने सांधण्याची रीत काढल्यानंतर टोकाला टोक भिडवून क्षणभर प्रवाह सोडण्याचे यंत्र पुढे आले, आणि आज पाती विकणाऱ्या बहुतेक दुकानांत गुंडाळीवरून लांबी तोडून असेच सांधून देतात. तेथे एक पायरी मात्र घाईत सुटते. सांधताना तापलेले पोलाद दोन्ही बाजूंच्या थंड पट्टीत उष्णता पटकन गमावते, काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून सांधा पुन्हा मंद लालसर होईपर्यंत तापवून सावकाश निवू द्यावा लागतो. ही पायरी गाळली की सांधा दिसायला निर्मळ असतो आणि तासाभरात तुटतो.

पात्याच्या धातूची निवड हाही शेवटी सांध्याचाच प्रश्न आहे. साधे कार्बन पोलादाचे पाते एकसंध असते, त्याच्या दातांच्या टोकांना तेवढे कडक पाणी दिलेले असते. ते स्वस्त असते आणि लवकर बोथट होते. द्विधातू पात्यात लवचीक पोलादाच्या पाठीला हायस्पीड स्टीलची बारीक तार इलेक्ट्रॉनच्या झोताने लांबीभर सांधून मग दाते पाडतात. ही तार बहुधा एम-४२ जातीची, ८ टक्के कोबाल्ट असलेली असते आणि तापूनही धार धरते. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक दातावर कार्बाइडचा तुकडा जोडलेला असतो, म्हणजे सांधे शेकड्यांनी. बल्लारपूरच्या डेपोतून येणाऱ्या सागाचे काम ज्याला रोज करायचे आहे त्याला पहिल्या प्रकारातला तोटा चटकन कळतो, कारण सागात मुळातच वाळूतले द्रव्य, सिलिका, असते आणि ते दाते घासून टाकते. त्याच सागाच्या किमतीमुळे पात्याच्या पातळपणालाही मोल येते: ५० मिलिमीटरच्या फळीतून ५ मिलिमीटरची पाने काढताना गोल करवत दर कापाला ३ मिलिमीटर लाकडाचा भुसा करत असेल तर सहा पाने निघतात, पट्टाकरवत १ मिलिमीटर खात असेल तर आठ.

पण येथे एक सापळा आहे. द्विधातू आणि कार्बाइड पात्यांना ओढ जास्त लागते, चौरस मिलिमीटरला साधारण १७ ते २० किलो, तर साध्या पात्याला १० ते १४ पुरते. १२ मिलिमीटर रुंद, ०.६ मिलिमीटर जाड साध्या पात्याच्या दोन्ही बाजू मिळून यंत्राच्या सांगाड्यावर सुमारे २०० किलोचा दाब आणतात. २० मिलिमीटर रुंद, ०.८ जाड द्विधातू पात्याला तोच आकडा ६०० किलोच्या पुढे जातो. माहितीपत्रकात ‘२० मिलिमीटरपर्यंत पाते चालते’ असे छापलेले असते त्याचा अर्थ बहुधा ते चाकावर मावते एवढाच असतो. ओतीव लोखंडाचा लहान सांगाडा किंवा त्याची ताण देणारी स्प्रिंग तेवढी ओढ देऊ शकतेच असे नाही. उलट लहान चाकावर जाड पाठीचे महाग पाते दाते बोथट होण्याआधीच पाठीत तडकते, आणि टिकाऊपणासाठी मोजलेले पैसे दातांत शिल्लक राहून वाया जातात. म्हणून १४ इंची यंत्रावर पातळ पाठीचे पाते आणि ते बोथट होताच बदलण्याची तयारी हीच निवड बहुतेकांच्या हिताची आहे. कार्बाइडचा हौसेने विचार करणाऱ्याने आधी मोठ्या चाकांच्या, पेटीसारख्या जाड पत्र्याच्या सांगाड्याच्या यंत्राला पैसे काढावेत.

दात्यांचे गणित त्यामानाने सोपे. जाड लाकूड उभे चिरायला इंचाला तीन दाते, कारण दातांमधल्या खोल खाचांत भुसा मावला पाहिजे. पातळ फळीला अधिक, एका वेळी निदान तीन दाते लाकडात असावेत इतके. वळणे कापायची तर रुंदी पाहावी: ६ मिलिमीटरचे पाते सुमारे १६ मिलिमीटर त्रिज्येत वळते, १२ मिलिमीटरच्या पात्याला ६० हून अधिक लागते. सरळ चिरताना पाते एका अंगाला ओढते, या तक्रारीवर मात्र सुतारांत कायमचे भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, लाकूड टेकवायची सरळ पट्टी, म्हणजे फेन्स, त्या ओढीच्या कोनात फिरवून घ्यावी. दुसरा म्हणतो, पाते चाकाच्या उंचवट्यावर नीट मध्ये बसले आणि दाते दोन्हीकडे सारखे फाकलेले असले तर ओढ राहतच नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक खरे आहे. पहिल्याचा उपाय चालतो, पण त्यात आजाराला पथ्य म्हणून स्वीकारण्याचा प्रकार होतो, आणि पाते बदलले की कोनही बदलतो.

नवे पाते यंत्रावर चढवण्यापूर्वी सांधा शोधून त्यावरून नख फिरवावे, पाठीकडूनही आणि दोन्ही अंगांनीही. नख अडले तर तेथे उंचवटा राहिला आहे, आणि दर फेऱ्याला मार्गदर्शक ठोकळ्यांवर तो आपटेल. यंत्र चालू असताना येणारी ठरावीक टिक्-टिक् त्याचीच असते, वर हिशेबाला घेतलेल्या पात्याची मिनिटाला ३७५ वेळा. तो उंचवटा बारीक कानशीने लांबीच्या दिशेने उतरवता येतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंची पाठ एका रेषेत नसेल, तर मात्र कानस उपयोगाची नाही. ते पाते तोडून पुन्हा सांधून घ्यावे लागते.