कांद्याचे सूप आणि मिठाचा हिशेब

आजारातून उठलेल्या माणसाला काय द्यावे, असे नातेवाईक विचारतात. आपण काही सांगायच्या आत त्यांनीच उत्तर आणलेले असते : "सूप देतोय, डॉक्टर." कसले सूप, असे विचारले की पिशवीतून तयार पुड्याचे वेष्टन निघते. पायाला सूज असलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजोबांना दिवसातून दोन वेळा हे पाजले जाते आणि 'घरी मीठ तर आम्ही बंदच केलंय' असेही सांगितले जाते. मीठ बंद झालेले नसते. ते पुड्यातून घरात येत असते.

म्हणून आज एक घरचे सूप सांगतो. आहे मात्र फ्रान्सचे. पॅरिस शहरात 'ले आल' नावाचा मोठा बाजार होता. एमिल झोला या कादंबरीकाराने १८७३ मध्ये त्याला 'पॅरिसचे पोट' म्हटले. रात्रभर भाजीपाला, मांस उतरवणारे हमाल पहाटे गरमागरम कांद्याचे सूप पीत. स्वस्त कांदा, शिळा पाव आणि हाडांचे पाणी, एवढाच त्याचा संसार. १९६९ मध्ये बाजार शहराबाहेर रांजिसला गेला. सूप मात्र मोठ्या उपाहारगृहांत जाऊन महाग झाले. मुळात ते कष्टकऱ्यांचे अन्न आहे, हे लक्षात ठेवले की खर्चाची भीती वाटत नाही.

चार माणसांसाठी पाऊण किलो कांदे उभे, पातळ चिरावेत. जाड बुडाच्या पातेल्यात चार चहाचे चमचे तूप तापवून कांदा घालावा आणि दहा मिनिटे झाकण ठेवून मऊ होऊ द्यावा. नंतर झाकण काढून मंद आचेवर अधूनमधून हलवत राहावे. याला पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. कांद्यात शंभरातले जवळजवळ नव्वद भाग पाणी असते. ते उडाल्याशिवाय रंग येत नाही. पाणी उडते तशी कांद्यातली साखर दाट होते, डोळ्यांत पाणी आणणारा उग्रपणा जातो आणि साखर व प्रथिनांचे घटक उष्णतेने एकत्र येऊन तो तपकिरी रंग, तो खमंग वास तयार होतो. बुडाला लागू लागले की चमचाभर पाणी शिंपडून खरवडावे. चव तिथेच असते. काळे मात्र होऊ देऊ नये, कडू लागते. घाईसाठी कोणी खाण्याचा सोडा टाकतात. त्याने कांद्याचा लगदा होतो, शिवाय सोड्यातही सोडियम असतेच.

रंग आला की चमचाभर कणीक घालून परतावे, लिटरभर कढत पाणी ओतावे आणि वीस मिनिटे उकळू द्यावे. फ्रेंच लोक हाडांचा रस आणि वाइन वापरतात. आपण मिरपूड आणि शेवटी थोडे लिंबू पिळावे. आंबटपणामुळे मीठ कमी असले तरी जिभेला कळत नाही.

आता मीठ. चौघांत मिळून अर्धा चहाचा चमचा पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहूनही कमी मीठ खावे. त्यात पोळी, लोणचे, पापड सगळे आले. सूपच्या घनवड्यांमध्ये मिठाचाच मोठा भाग असतो, म्हणून त्या टाळाव्यात. बाजारचे पिवळे लोणी बहुधा खारवलेले असते; तूप बरे. 'कमी सोडियमचे' मीठ काही जण आणतात. त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये.

वर शिळ्या पावाचा तुकडा तव्यावर कडक भाजून ठेवावा. फ्रान्समध्ये त्यावर ग्रूयेर नावाचे चीज वितळवतात. आपल्याकडचे साधे चीज चालते, पण तेही खारटच. रक्तदाबवाल्यांनी सोडून द्यावे.

पावासकट एका वाडग्यात सुमारे दोनशे कॅलरी आणि जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे भूक मरते, ताकद येत नाही. तापातून उठलेल्या माणसाला आठवडाभर नुसते सूप देणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे. सोबत मऊ वरण-भात, अंडे किंवा दही हवेच. मधुमेहींनी हे सूप प्यायला हरकत नाही, मात्र पाव घेतला तर तेवढी पोळी कमी करावी.

कांद्याने ज्यांचे पोट फुगते त्यांना हे सूपही त्रास देईल. गॅस करणारा कांद्यातला घटक शिजवून जात नाही आणि पाण्यात उतरतो, त्यामुळे गाळून प्यायल्यानेही उपयोग नाही. आणि कांदा औषधी आहे म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तसे करू नका. खिशातल्या कांद्याने ऊन लागायचे थांबत नाही, तसाच हाही प्रकार.

उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खळखळ उकळूनच घ्यावे. दारातल्या कुत्र्याला मात्र घालू नये. कांदा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवलेला असला तरी.