मैदानावरचे कारभारी : हजारे बंधूंकडून काय शिकावे

आजचा विषय आहे कारभारीपण. मिरज-सांगलीच्या माणसाला हा शब्द फार समजावून सांगावा लागत नाही. इथे पटवर्धनांची संस्थानं होती आणि संस्थान म्हटलं की कारभारी आलाच. खजिन्याची किल्ली त्याच्या हातात, पण खजिना त्याचा नव्हे. कधी ना कधी हिशेब द्यायचा आहे हे त्याला ठाऊक असायचं. (आपल्याकडे नवऱ्यालाही कारभारी म्हणतात. तिथे खजिना नेमका कोणाचा, या वादात आम्ही आज पडत नाही.) पौल आणि पेत्र आपल्या पत्रांतून विश्वासणाऱ्यांना कारभारी म्हणतात ते याच अर्थाने.

आपल्या मंडळ्यांत कारभारीपणाची गोष्ट निघाली की ती बहुधा दशमांशावर येऊन थांबते. पैशाचा हिशेब आपण ठेवतो, ठेवायलाच हवा. पण देवाने दिलेले हात, पाय, नजर, दम यांचा हिशेब कोण ठेवतो? म्हणून आज आम्ही खेळाच्या मैदानाकडे वळतो. पौलाला हे नवीन नव्हतं. करिंथकरांना त्याने शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला दिला, कारण करिंथाजवळ इस्थमिया इथे मोठे सामने भरत आणि तिथल्या लोकांना ती भाषा कळत होती.

आता मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दाखला घ्या. धनी परदेशी जाताना तीन दासांना पाच, दोन आणि एक असे तालान्त देऊन जातो. आपण लहानपणापासून एकवाल्याला बिचारा समजत आलो. पण एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर जवळजवळ वीस वर्षांची कमाई होते. ज्याला कमी मिळालं असं आपण म्हणतो, त्याच्या हातातही डोळे दिपवणारी रक्कम होती. हे लक्षात ठेवूनच पुढचं ऐका.

आपल्या शेजारच्या सांगलीत, ११ मार्च १९१५ रोजी, एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म झाला. घरात आठ मुलं, शिक्षकाचा पगार. पुढे हेच हजारे भारताचे कर्णधार झाले आणि भारताने पहिला कसोटी विजय १९५२ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. शतकं त्या सामन्यात पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची, बारा बळी विनू मंकड यांचे. ३० कसोटींत २१९२ धावा, ७ शतकं. १९६० ला पद्मश्री. आजही त्यांच्या नावाने देशातली एकदिवसीय स्पर्धा खेळली जाते. आपली पोरं टीव्हीवर ‘विजय हजारे ट्रॉफी’ बघतात, पण हा माणूस पलीकडच्या गावचा आणि आपल्यातला, हे त्यातल्या किती जणांना माहीत आहे?

तरी आज आम्हाला जास्त बोलायचं आहे ते दुसऱ्या हजाऱ्यांबद्दल.

डिसेंबर १९४३. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. त्या काळी हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्म आणि वंशावर संघ असत, आणि जे यांत कुठेच बसत नाहीत त्यांचा ‘इतर’ नावाचा संघ. भारतीय ख्रिस्ती खेळाडू त्या ‘इतरां’त. गांधीजींनी या विभागणीला विरोध केला होता, १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली आणि ते बरंच झालं. तर त्या सामन्यात हिंदू संघाने ५८१ धावांचा डोंगर रचला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ १३३ मध्ये आटोपले. फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावातही निम्मा संघ लवकर परतला. तेव्हा विजय हजाऱ्यांच्या साथीला आले त्यांचे सख्खे भाऊ विवेक हजारे.

दोघांनी सहाव्या विकेटसाठी ३०० धावा जोडल्या. त्यांत विवेक यांच्या किती? एकवीस.

हा आकडा ऐकून लोक हसतात. हसू नका. समोर थकलेले असले तरी जिंकत आलेले गोलंदाज, सभोवती क्षेत्ररक्षकांचा गराडा, आणि मनात एकच काम : आपण बाद व्हायचं नाही, भावाला खेळू द्यायचं. एक-एक चेंडू अडवायचा, जमेल तेव्हा एक धाव काढून पलीकडे जायचं. विवेक गेले असते तर विजय यांचे ३०९ झालेच नसते. संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्याचे, म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के. धावफलकावर ते ३०९ ठळक दिसतात, पण आमच्या मते त्या दिवशी दाखल्यातला दुसरा दास मैदानात उतरला होता. आणि दाखल्यात बघा, पाचवाल्याला आणि दोनवाल्याला धन्याने दिलेली शाबासकी शब्दाला शब्द सारखीच आहे. एका अक्षराचा फरक नाही.

सामन्याचं काय झालं? ‘इतर’ एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

१९४८ च्या जानेवारीत ॲडलेडलाही तेच. ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. कसोटीत असं करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात आपले सहा जण शून्यावर बाद झाले होते. भारत डावानेच हरला. धन्याने निकालाचा हिशेब मागितला असता तर हे दोन्ही दिवस तोट्याचे. तो मागतो तो दिलेल्या ऐवजाचा.

मग तिसऱ्या दासाची चूक कुठे झाली? त्याने पैसे उधळले नाहीत, खाल्ले नाहीत. तो भ्याला आणि पुरून आला. हे आपल्या घरोघरी चालतं, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. मुलगा नववीत गेला की बॅट माळ्यावर जाते. मुलगी पळण्यात चांगली असली तरी बारावीच्या आधीच तिचे बूट धाकट्या भावाला जातात. आईवडील वाईट नसतात, ते भ्यालेले असतात : नोकरीचं काय, लग्नाचं काय. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. शंभरातल्या एकालाही खेळातून पोट भरता येत नाही. पण पोट भरणं हा एकच हिशेब धरला तर विवेक हजाऱ्यांचे एकवीस रन कोणत्या रकान्यात टाकणार?

आणि धनी त्या दासाला काय म्हणाला ते आपण पटकन वाचून पुढे जातो. स्वतःला धंदा जमत नव्हता तर निदान सावकाराकडे ठेवायचे होतेस. म्हणजे ज्याला एकट्याने जमत नाही त्याच्यासाठीही सोय आहे, दुसऱ्याच्या हाती सोपव. हजाऱ्यांच्या बाबतीत असा सावकार भेटला जतमध्ये. जतच्या राजांनी त्यांना आश्रय दिला आणि क्लॅरी ग्रिमेट यांना शिकवायला बोलावलं. ग्रिमेट म्हणजे कसोटीत दोनशे बळींचा टप्पा गाठणारे जगातले पहिले गोलंदाज. दुष्काळी जत, तिथे ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर आणि शिकणारा सांगलीच्या मास्तरांचा मुलगा! विजय यांची देणगी देवाची, हे खरंच. पण तिच्यावर व्याज चढलं ते कोणीतरी पदरमोड केली म्हणून. आपल्या मिरजेत डॉ. वान्लेस यांनी शस्त्रक्रियेचं कसब स्वतःपुरतं ठेवलं नाही, इथल्या तरुणांना शिकवलं. तोही याच जातीचा व्यवहार.

तरुण संघातली मुलं आम्हाला नेहमी एक विचारतात : मॅच रविवारी असली तर? एरिक लिडेल यांचं नाव त्यांनी ऐकलेलं असतं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून त्यांनी ती शर्यतच सोडली, आणि चारशे मीटरमध्ये सुवर्ण मिळवलं. गोष्ट इथेच थांबवली जाते. पुढचं असं की ते मिशनरी होऊन चीनला गेले, युद्धात जपान्यांच्या छावणीत अडकले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. त्या छावणीत मुलांचे खेळ तेच घेत. रविवारी मोठी माणसं नसताना मुलं खेळात मारामाऱ्या करू लागली, तेव्हा हेच लिडेल रविवारी पंच म्हणून उभे राहिले. स्वतःच्या पदकासाठी जो रविवार मोडला नाही, तो दुसऱ्यांच्या पोरांसाठी बाजूला ठेवला. मुलांनो, उत्तर आम्ही तुमच्यावरच सोडतो, पण गोष्ट पूर्ण ऐकून ठरवा.

वडीलधाऱ्यांसाठी एकच. आपल्या आवारांत मोकळी जागा आहे. संध्याकाळी तिथे गाड्या लागतात, लग्नसराईत मांडव पडतो, बाकी वेळी फाटकाला कुलूप असतं. पुढच्या कमिटीच्या बैठकीत हा विषय घ्या : पाच ते सात कुलूप काढायचं, आणि किल्ली कोणाकडे ठेवायची.