नाव मोठं कशानं होतं?

आपल्या बचत गटाची पत कशावर ठरते, ते आपल्याला ठाऊक आहे. बचत वेळेवर जमते का, कर्ज फिटतं का, वही चोख आहे का, हे बँकही बघते आणि गावही. आज अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या गटांविषयी बोलू या.

तिथे मुलांच्या मंडळाला फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या मंडळाला सोरोरिटी. मंडळाचं नाव बहुधा दोन-तीन ग्रीक अक्षरांचं असतं. अनेक मंडळांचं स्वतःचं मोठं घर असतं, आणि सभासद तिथे एकत्र राहतात. दरवर्षी नवे सभासद निवडून घेतात. कोणत्या मंडळात शिरायचं, हे मुलं त्याच्या नावावरून ठरवतात.

हे नाव कशानं होतं? घर केवढं, जुने सभासद आज कुठल्या हुद्द्यावर आहेत, मेजवान्या कशा होतात, हे वरवरचं झालं. काही विद्यापीठं मंडळांच्या अभ्यासातल्या गुणांची सरासरीही जाहीर करतात. समाजकार्यही मोजलं जातं. ट्राय डेल्टा हे मुलींचं मंडळ सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयासाठी वर्षानुवर्षं निधी गोळा करतं. शिवाय सभासद मंडळाची अक्षरं छापलेले सदरे घालतात. त्यामुळे एकानं वाईट वागावं आणि बोल सगळ्यांना लागावा, असं होतं.

काही मंडळांचं नाव कामानं झालं. १९१३ साली हॉवर्ड विद्यापीठातल्या २२ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा हे मंडळ काढलं. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉशिंग्टनला बायकांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघाला, त्यात या मुली चालल्या. ना मोठं घर, ना पैसा. तरी त्या पावलांची आठवण शंभर वर्षांनंतरही काढली जाते.

आता दुसरी बाजू. नव्या सभासदाला आत घेताना छळायचं, जबरदस्तीनं दारू पाजायची, याला तिथे हेझिंग म्हणतात. आपल्याकडचं रॅगिंगच ते. २०१७ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका मंडळात १९ वर्षांच्या नव्या मुलाला अशीच दारू पाजली. तो जिन्यावरून पडला. सोबतच्यांनी जवळजवळ बारा तास मदत बोलावली नाही. मुलगा गेला. त्या घरात कागदोपत्री दारूबंदी होती! विद्यापीठानं मंडळ कायमचं बंद केलं, आणि पुढच्या वर्षी त्या राज्यात हेझिंगविरुद्ध कडक कायदा झाला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवरही कायदा आला. आता हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या मंडळांची माहिती कॉलेजांना जाहीर करावी लागते.

मुलींच्या नजरेतून बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. सोरोरिटीच्या घरांत बहुतेक ठिकाणी दारू चालत नाही, म्हणून मेजवान्या मुलांच्या घरी होतात. दार त्यांचं, पेला त्यांचा, नियमही त्यांचे. म्हणून कोणत्या घरी जायचं आणि कुठे पाऊल ठेवायचं नाही, हे मुली एकमेकींना सांगतात. मंडळाची खरी किंमत या कुजबुजीत कळते. ती कुठल्या फलकावर लिहिलेली नसते.

मैत्रिणींनो, आपली मुलंमुलीही शिकायला बाहेरगावी जातात, वसतिगृहात राहतात. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. रॅगिंग हा गुन्हा आहे. त्याची तक्रार १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. हा क्रमांक मुलांच्या वहीत लिहून द्या. ‘सगळेच सोसतात, तूही सोस’ असं मात्र सांगू नका. सोसलेलं मूल पुढच्या वर्षी दुसऱ्याला सोसायला लावतं, आणि अशीच रीत पडते.

नाव जपायचं म्हणून चूक झाकली की त्या बारा तासांसारखं होतं. गटातही हेच. नवी बाई आली, तिला हिशेब कळत नाही, बोलायला ती बिचकते. तिला आपण कसं वागवतो? तिनं चूक दाखवली तर ऐकून घेतो का? येत्या बैठकीत यावर जरूर बोला, आणि बोलताना सुरुवात सगळ्यांत नव्या बाईपासून करा.