चाप, घोडा आणि ओढीचा भार : पिस्तुलांच्या तुलनेतील परिभाषेचा प्रश्न

पिस्तुलाच्या ज्या भागावर नेमबाजाची तर्जनी टेकते त्यास मराठीत ‘चाप’ म्हणतात आणि ‘घोडा’ही म्हणतात. त्याच वेळी पिस्तुलाच्या मागील टोकाशी असलेली व काडतूस पेटविण्याकरिता आघात करणारी जी हातोडी, तिलाही ‘घोडा’ हेच नाव आहे. ‘घोडा चढविला’ या प्रयोगात हातोडी अभिप्रेत असते, तर ‘घोडा दाबला’ या प्रयोगात चाप. सामान्य कथनात संदर्भावरून अर्थ कळतो व काही बिघडत नाही. परंतु दोन पिस्तुलांच्या चापांची तुलना करावयाची असेल, किंवा नवशिक्याच्या हाती भरलेले शस्त्र द्यावयाचे असेल, तर संदर्भावर विसंबणे पुरेसे होत नाही.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. मुदखेड व लातूर येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाची, आणि चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाची प्रशिक्षण केंद्रे आहेत. या दलांच्या कवायतीची भाषा हिंदी असून हिंदीतही ‘घोडा’ शब्द याच दोन अर्थांनी चालतो. शिवाय १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूत चापाला ‘लबलबी’ असा स्वतंत्र शब्द आहे. अशा रीतीने एकाच वस्तूसाठी चाप, घोडा, लबलबी व ट्रिगर हे चार शब्द या परिसराच्या भाषांत उपलब्ध आहेत. आणि त्यांतील एक शब्द दुसऱ्याच वस्तूचेही नाव आहे.

शस्त्राच्या भागांना प्राण्यांची नावे देण्याची रीत केवळ आपलीच नव्हे. आघात करणाऱ्या भागास इंग्रजी व जर्मन भाषांनी ‘कोंबडा’ म्हटले, फ्रेंचने ‘कुत्रा’ म्हटले. स्पॅनिशमध्ये तर चापाचेच नाव ‘लहान मांजर’ या अर्थाचे आहे. याउलट इंग्रजीतील ‘ट्रिगर’ हा शब्द ओढणे या अर्थाच्या डच धातूवरून आला, आणि जर्मन नावाच्या मुळाशीही ओढण्याचीच कल्पना आहे. म्हणजे एका वर्गातील नावे आकृतीवरून पडली, दुसऱ्या वर्गातील क्रियेवरून. मराठीतील ‘घोडा’ पहिल्या वर्गात मोडतो. ‘चाप’ शब्दाच्या मागे मात्र चापणे, म्हणजे दाबणे, ही क्रिया मराठी भाषकाला सहज जाणवते.

आता तुलनेकडे वळू. चापाविषयी बोलताना दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. पहिली ओढीचा भार, म्हणजे चाप सुटण्यासाठी बोटाने लावावे लागणारे जास्तीत जास्त बळ. हे मोजता येते. नळी उभी धरून चापाला वजन अडकवावे व ते उचलले जाते की नाही हे पाहावे, ही क्रीडास्पर्धांतील पद्धत होय. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा, तर २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी सुवर्णपदक मिळविले ते या दुसऱ्या प्रकारात. मोजमापातही दक्षता हवी. चाप आपल्या आसाभोवती फिरत असल्याने वजन टोकाजवळ अडकविले तर भार कमी भरतो, आसाजवळ अडकविले तर अधिक.

दुसरी गोष्ट बोटाला येणारी जाणीव. चाप मागे येताना प्रथम ‘ढील’ निघते. मग बोट एके ठिकाणी अडते. तेथे बळ वाढविले की चाप सुटतो. आणि गोळी गेल्यावर बोट सैल केले असता तो पुढे येऊन पुन्हा बसतो. अडल्यापासून सुटेपर्यंत चाप किती सरकतो, गुळगुळीत सरकतो की खरखरीत, आणि एकदम सुटतो की हळूहळू, यावर ही जाणीव अवलंबून असते. वाळलेली तुराटी कडकन मोडते. ओली तुराटी वाकत वाकत तुटते. दोन्हींना सारखेच बळ लागले तरी हाताला त्या सारख्या वाटत नाहीत. चापाचेही असेच आहे.

उदाहरणे पाहिली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेले ९ मिलिमीटर पिस्तूल हे ब्राउनिंग हाय-पॉवर या १९३५ च्या रचनेवर आधारलेले आहे. त्यात हातोडी आधी चढवावी लागते व चाप केवळ तिला सोडण्याचे काम करतो. त्यामुळे चापाचा प्रवास थोडा असतो. परंतु मूळ रचनेत मॅगझिन काढल्यास चाप निष्क्रिय करणारा एक भाग असून तो मॅगझिनवर घासतो. चापात जाणवणाऱ्या खरखरीचे ते एक प्रसिद्ध कारण आहे. बेरेटा ९२ या पिस्तुलात पहिल्या गोळीला चापच हातोडी चढवितो व सोडतो. तेव्हा भार पाच किलोंच्या वर जातो, व पुढील गोळ्यांना तो सुमारे निम्म्यावर येतो. ग्लॉक १७ मध्ये बाहेर दिसणारी हातोडीच नाही. त्याचा चाप प्रत्येक वेळी सुमारे अडीच किलो भाराने, पण बराच लांब प्रवास करून सुटतो. म्हणजे बेरेटाची दुसरी गोळी आणि ग्लॉकची कोणतीही गोळी यांचा भार जवळपास एकच असूनही बोटाची जाणीव वेगळी. केवळ आकडा पाहणाऱ्यास हे कळणार नाही.

भार अधिक म्हणजे सुरक्षितता अधिक, हे समीकरणही अपुरे आहे. रिकामे ग्लॉक पिस्तूल पाऊण किलोहूनही हलके असते. त्यावर अडीच किलोंचे बळ लावताना पंजा स्थिर राहिला नाही तर नळीच हलते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपल्या पिस्तुलांना सुमारे साडेपाच किलो भाराचे चाप बसविले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीजवळ त्यांच्या गोळीबारात नऊ वाटसरू जखमी झाले, तेव्हा या जड चापावर टीका झाली. उलटपक्षी फार हलका चाप घाबरलेल्या बोटाने नकळत सुटू शकतो. क्रीडांगणावर योग्य ठरणारा एक किलोचा चाप बंदोबस्तावरील शिपायाला योग्य ठरेलच असे नाही.

येथे परिभाषेचा प्रश्न पुन्हा समोर येतो. चढलेली हातोडी हाताने उतरविताना ती अंगठ्याने धरून चाप दाबावा लागतो व हातोडी सावकाश खाली आणावी लागते. ही सूचना ‘घोडा धरा, घोडा दाबा, घोडा हळू सोडा’ अशी दिली तर शिकणाऱ्याने कोणता घोडा धरावा व कोणता दाबावा? एका चुकीने गोळी सुटेल. ज्याने हातोडी नसलेल्या पिस्तुलावर शिक्षण घेतले त्याच्या लेखी तर ‘घोडा’ म्हणजे चापच. तो जुन्या पिस्तुलाकडे आला की हा धोका वाढतो.

उपाय सोपा आहे व त्यासाठी नवे शब्द घडविण्याची गरज नाही. बोटाखालच्या भागास केवळ ‘चाप’ आणि आघात करणाऱ्या भागास केवळ ‘घोडा’ म्हणावे. तुलना करताना भार, चापाचा प्रवास व सुटण्याची रीत या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात. आणि भाराच्या आकड्यासोबत वजन चापावर कोठे अडकविले तेही सांगावे. बोलभाषेत घोडा दोन्ही अर्थांनी चालत राहील, त्यास हरकत नाही. शिकविण्याच्या मैदानावर मात्र एका शब्दाने एकाच वस्तूचा बोध झाला पाहिजे.